मधला गाळा

करंजटेप, ता. मुळशी
३० ऑगस्ट २०२४

ती. उत्कर्षाताईस,
नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. आबांचा गुडघा दुखतो, पण समितीचं काम निघालं की दुखायचा थांबतो. आईची तब्येत ठीक. भात चांगला आलाय. पाऊस मध्ये थोडा उघडला होता, आज परत लागला आहे.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. फोनवर बोलायला लागलं की आबा शेजारी येऊन बसतात, आणि तू म्हणतेस, "दे त्यांच्याकडे." मग माझं सांगायचं राहून जातं. प्रदीप रोज दूध घेऊन भुकूमला येतोच, त्याच्याकडे देतेय. तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे, वॉचमनकडे नाही.

आबांनी चित्रीकरण समिती काढली तेव्हा तू हसली होतीस. आता एक मालिका, दोन जाहिराती आणि एक मोठा ऐतिहासिक सिनेमा येऊन गेला. तुमच्या भुकूमला जमिनींना गिऱ्हाईक आहे, जांब्याला खोल्यांना भाडेकरू आहेत. आपल्याकडे डोंगर, धुकं आणि धबधबा. आबा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "खालची लोकं जमीन इकत्यात. आमी नुसती दाखवतो. दाखवून जमीन कमी व्हत न्हाई." शूटिंग असलं की वाडीतले कोंबडे डालग्याखाली, कुत्री साखळीला, आणि माऊलीकाकांचा रेडिओ बंद. हा शेवटचा नियम अनसूयाकाकूंना सगळ्यात आवडतो.

माझ्याकडे नकाशे. लांब गाडी कुठल्या वळणावर वळेल, जनरेटर कुठे उभा केला तर चाक रुतणार नाही, कुठल्या महिन्यात ऊन कुठून येतं. हिंजवडीच्या ऑफिसात मी जे करते त्यापेक्षा हे काम सोपं आहे आणि मला जास्त आवडतं. हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.

समितीचा एक नियम तुला माहीत नसेल. येणाऱ्या प्रत्येक युनिटने जाताना वाडीला एक वस्तू ठेवून जायची. तिला 'आठवण' म्हणतात. मालिकेवाल्यांनी ओढ्यापलीकडे, डांबरी रस्त्यावर एसटीचा थांबा बांधला होता, खोटा, प्लायवुडचा. तो त्यांनी ठेवला. पुढे एक नवीन ड्रायव्हर खरा समजून तिथे थांबला. मग दुसरा थांबला. आता सगळ्याच गाड्या थांबतात. इतकी वर्षं अर्ज करून जे झालं नाही ते रंगवलेल्या पाटीने झालं. आबांनी त्यातून काढायचा तो धडा काढला. खोटी वस्तू वापरत राहिलं की ती खरी होते, असं त्यांचं मत आहे, आणि एसटीच्या बाबतीत ते चूक नाही.

ऐतिहासिक सिनेमावाल्यांची आठवण म्हणजे ओढ्यावरचा पूल. तू दिवाळीला आलीस तेव्हा तो नव्हता. काळ्या दगडाचा दिसतो, कठड्यावर शेवाळसुद्धा रंगवलेलं आहे. देखणा आहे. शाळेची पोरं आता वरच्या कच्च्या रस्त्याने वळसा घालत नाहीत. प्रदीप दुधाचे कॅन घेऊन त्यावरून मोटरसायकलने जातो. गेल्या पावसाळ्यात अनसूयाकाकूंच्या सुनेला डोलीत घालून वरच्या रस्त्याने न्यावं लागलं होतं, जीप चिखलात रुतली म्हणून. बाळ वाटेतच झालं आणि राहिलं नाही. पूल झाल्यावर काकूंनी सगळ्यात आधी त्याला हळदकुंकू लावलं.

मी सध्या वरच्या रस्त्याने जाते-येते. चालणं होतं.

तुझ्या दिशाचा नऊवारीतला फोटो बघितला. छान दिसते. पण गौरी येतात त्या मंगळवारी तिला आणू नकोस. बुधवारी पूजेला आण. वाडीत तापाची साथ आहे. रस्ताही खराब आहे. शिवाय तिची शाळा बुडेल.

हे लिहिताना समोर आपला जुना उंबरा आहे. आबा शेळी बाजाराला न्यायला निघाले की आपण दोघी त्यावर मांडीला मांडी लावून बसायचो. मी एकटी बसले की आबा मला उचलून बाजूला ठेवायचे. तू बसलीस की थांबायचे. असं का, हे मी कधी विचारलं नाही.

बुधवारी ये. कारण हवंच असेल तर पुन्हा लिहीन. आबांना मात्र विचारू नकोस.

तुझी,
वृषाली

*

करंजटेप
७ सप्टेंबर २०२४, गणेश चतुर्थी

ताई,

तू आबांना विचारलंस.

रागावलेली नाही. तुला वाटलं असेल, बापलेकीचं काही बिनसलं आहे, मध्ये पडावं. आज आरती झाल्यावर आबांनी मला ओट्यावर बोलावलं. माऊलीकाका आणि अनसूयाकाकू बसलेलेच होते.

"भुकूमला कागद धाडला म्हनं," आबा म्हणाले. "घरात बोलाया तोंड न्हाई व्हय?"

"घरात सांगून झालं होतं, आबा."

"काय सांगितलं व्हतं? पूल पडंल?"

"पडेल असं नाही म्हणाले. धरलेला नाही, असं म्हणाले."

आबा काकांकडे वळले. "ह्ये बगा इंजनेर. पडंल का न्हाई, म्हाईत न्हाई. पर धरल्याला न्हाई."

"आमच्या हिला तरी कुनी धरलंय?" माऊलीकाका म्हणाले. "पडली का कवा?"

"गटारीला कोन पडलं व्हतं त्ये सांगू का?" अनसूयाकाकू म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले असेन. त्यानंतर पुलाचं बोलणं पुन्हा काढणं अवघड झालं. तरी काढलं. तुलाही तेच सांगते, आता लपवण्यात अर्थ नाही.

पुलाला तीन गाळे आहेत, म्हणजे खांबाखांबांमधले तीन भाग. कडेचे दोन लोखंडी सांगाड्यावर उभे आहेत, पक्के. दगड दिसतो तो फायबरचा पत्रा. मधला गाळा वेगळा आहे. सिनेमात शत्रूची फौज मध्यावर आली की पूल कोसळतो, असा प्रसंग होता. त्यासाठी मधला गाळा कोसळावा म्हणूनच बांधला आहे. त्याचं एक टोक बिजागरीवर आहे आणि दुसरं दोन लोखंडी खिळींवर टेकलेलं आहे. खिळींना तारेचा दोर बांधलेला आहे. दोर ओढला की खिळी निसटतात आणि गाळा तळघराच्या झाकणासारखा खाली उघडतो.

नट वरून चालायचे तेव्हा त्या टोकाला क्लॅम्प आवळलेले असत. मी स्वतः बघितले होते. मग वळवाने ओढ्याला पाणी आलं, कोसळण्याचा प्रसंग संगणकावर करायचं ठरलं आणि युनिट घाईने निघून गेलं. क्लॅम्प भाड्याचे होते. ते काढून नेले. हे मला कळलं ऑगस्टमध्ये, पाणी थोडं उतरलं आणि मी खाली जाऊन बघितलं तेव्हा. त्याच दिवशी आबांना सांगितलं.

त्यांच्या कलाविभागाच्या अनिमेषला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मैडम, वो तो गिरने के लिए ही बनाया था. आप लोगों ने बोला रहने दो, तो रहने दिया." त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी संगणकावर शोधलं आणि म्हणाले, तुमच्या ओढ्यावर आमच्या नोंदीप्रमाणे पूलच नाही, मग बंद कसा करणार?

आबांचं म्हणणं असं: "पाडाया बांधला, तरी पडला न्हाई. सगळा पावसाळा उभा हाय. ह्येच्यापरीस मजबूत पूल दाव मला."

एकटा माणूस चालतो तेवढा भार त्या खिळी सोसतात, हे खरं आहे. पण प्रत्येक हादऱ्याला थोड्या सरकतात, हेही खरं आहे. ऑगस्टमध्ये खिळींची टोकं आधाराच्या पलीकडे बोटभर बाहेर दिसत होती. परवा पाण्यावर ड्रोन नेऊन बघितलं. आता टोकं दिसत नाहीत, म्हणजे खिळी तेवढ्या मागे सरकल्या आहेत. पाणी उतरलं की वेल्डिंगवाला खाली जाऊ शकेल. तोवर पूल बंद ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी हे सांगितलं तेव्हा अनसूयाकाकू हसत नव्हत्या. म्हणाल्या, "आमची सून त्या चिखलातनं चालली व्हती, तवा कुटं व्हती गं तुजी खीळ? तवा न्हाई कुनी म्हनलं, हा रस्ता बंद करा."

आता मंगळवारचं. मुंबईहून एका वेब सिरीजची माणसं जागा बघायला येणार आहेत. मोठं काम आहे, जमलं तर वाडीला पुढची दोन वर्षं बघायला नको. आपल्या गौरी आजवर घराजवळच्या विहिरीवरून येत. यंदा आबांनी ठरवलं आहे की गौरीचा तेरडा ओढ्यापलीकडच्या माळावरून आणायचा. म्हणजे सगळ्या बायका पुलावरून जाणार, पुलावरून परत येणार, मागे धबधबा, आणि पाहुणे अलीकडच्या काठावर कॅमेरा लावून बसणार. गौर हातात घेऊन सर्वांत पुढे दिशा. हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. फक्त "पोरीला नेसवून आन" म्हणाले असतील.

तुला रीत माहीत आहे. तोंडात पाण्याची गुळणी, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, थाळी वाजेल तसा पाय टाकायचा. एका ठेक्यात इतके पाय त्या पुलावर आजवर पडलेले नाहीत. दिशा मधल्या गाळ्यावर असेल तेव्हा तिच्या मागच्या सगळ्या त्याच गाळ्यावर येत असतील. काही झालंच तर ओरडायला कोणाचं तोंड मोकळं नसेल.

आई रात्रीचं जेवण वाढताना हळूच म्हणाली, "खरंच पडंल का गं?" मी म्हणाले, माहीत नाही. तिला बरं वाटलं. मला 'हो' म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं आणि माझ्या तोंडून आलं नाही. आबाही तेच म्हणतात: "पडंल, असं लिवून दे. मी आत्ता बंद करतो." मी कसं लिहून देऊ?

दिशाला आणू नकोस.

वृषाली

*

करंजटेप, ओढ्यावर
१० सप्टेंबर, मंगळवार सकाळ

ताई,

तुझा काल आईला फोन आला तो मी ऐकला. तू दिशाला घेऊन येते आहेस. "आबांचा मान आहे, एवढी माणसं येणार, वृषालीला जरा जास्तच भीती वाटते," असं म्हणालीस. आईने स्पीकर लावला होता. तिला फोन कानाला धरायची सवय नाही.

आज सकाळी मी एक गोष्ट केली. तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी लिहिते.

पौडच्या गॅरेजमधून चेनपुली आणली होती, जड इंजिन उचलतात ती. आबा पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला गेले होते, बायका घरात सारवण-रांगोळीत होत्या. पुलावर कोणी नाही हे दोन्ही बाजूंनी बघितलं. पलीकडे दोरी बांधून लाल फडकं लावलं. मग काठावरच्या जांभळीच्या खोडाला चेनपुली अडकवली, खिळींचा तारेचा दोर तिच्यात घातला आणि ओढला. पूल ज्यासाठी बांधला होता ते त्याच्याकडून करून घ्यायचं, माणूस नसताना. त्यानंतर वाडी माझ्याशी बोलली नसती. आबाही बोलले नसते. तो हिशेब मी करून ठेवला होता.

पहिली खीळ निघाली. बुचासारखी निघाली, हाताला काही लागलंच नाही. म्हणजे ती जवळजवळ सुटलेलीच होती. दुसरी अर्धी आली, वाकली आणि अडकली. पुढे ओढलं तर जांभळीची साल सोलली, खीळ हलली नाही. गाळा किंचित तिरका झाला आणि तसाच राहिला.

पूल पडला नाही, ताई.

साखळीचा आवाज ऐकून माणसं आली. कोणीतरी आबांना आणलं. ते थेट पुलाकडे निघाले. मी म्हणाले, "आबा, जाऊ नका." ते पुलावर गेले, मधल्या गाळ्यावर उभे राहिले आणि दुखऱ्या पायाने दोनदा जोरात आपटलं.

"बगा," ते म्हणाले. "माज्या लेकीनं मशीन लावून वढला. तरी हाय तितं हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माऊलीकाका म्हणाले, "वृषे, लई उपकार झालं. फुकटात तपासून दिलास." ते चेष्टेने म्हणाले, पण बाकीच्यांना ते खरंच वाटलं. आता कोणाच्या मनात शंका राहिलेली नाही. काल निदान दोघी-तिघी कुजबुजत होत्या. आज माझ्यामुळे त्याही निर्धास्त आहेत.

काल गाळा दोन खिळींवर होता. आता एका वाकड्या खिळीवर आहे. हे मी सगळ्यांना सांगितलं. आबा म्हणाले, "झालं का तुजं?"

झालं. आता काय होईल ते लिहिते. पाहुणे पौडपर्यंत आले आहेत. दुपार कलली की थाळी वाजेल. तू दिशाला आणलं नाहीस तरी हे थांबणार नाही. अनसूयाकाकूंच्या थोरल्या लेकाची मुलगी नेसवून तयार आहे. काकूंनी तिला फुलांची वेणी घातली आहे आणि ती मघापासून मला दाखवायला दोनदा येऊन गेली. म्हणजे तुझी मुलगी घरी राहिली तर या मुलीला पुढे चालावं लागेल. हे मला पहिल्या पत्रातच दिसायला हवं होतं. मी फक्त दिशाचं बघत होते.

मी पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी बसले आहे. हा कडेचा गाळा आहे, इथे धोका नाही. काळजी करू नकोस. बायकांना पलीकडे जायलाच मिळालं नाही तर परत येतानाचं उरणार नाही. पण मी एकटी आहे. आबांनी माऊलीकाकांना सांगून ठेवलं आहे, वेळ आली की पोरीला उचलून बाजूला ठेवा. ते उचलतील. फार त्रासही देणार नाहीत. लग्न न झालेली घरातली पोर, सकाळीच पूल पाडायला निघालेली. मला उचलताना कोणाला काही वाटणार नाही.

तुला उचलता येणार नाही. गौरीच्या दिवशी माहेरी आलेल्या लेकीला या वाडीत कोणी हात लावत नाही. भांडत नाहीत, वाटेतून ऊठ म्हणत नाहीत. आबा तर नाहीच. पुलाचं काय होईल ते मी आजही लिहून देऊ शकत नाही. पण हे एवढं मी लिहून देते.

दिशाला भाऊजींकडे ठेव. तिच्याऐवजी तू नेस, ओटीचं ताट घे आणि ये. वरच्या रस्त्याने ये, चिखल असला तरी. हे पत्र नेणाऱ्या प्रदीपलाही तिकडूनच जायला सांगितलं आहे. तो "व्हय, व्हय" म्हणाला आहे. तो ओढ्याकडे वळला की वर, हे इथून दिसेलच.

पुलाचं तोंड फार रुंद नाही. दोघी मांडीला मांडी लावून बसलो की वाट बंद होते. मी कठड्याला टेकून बसले आहे, म्हणजे तुझी बाजू मोकळी राहील.

तुझी वाट बघत,
वृषाली